ओलं पोतं

"आधी भिंतीला हात लाव," अण्णा म्हणाला. "मग ह्याला."

मी भिंतीला हात लावला. गार होती. डिसेंबर संपत आला होता, पत्र्यातून थंडी खाली गळत होती. मग कॅनला लावला. पाण्याच्या जारवाल्याकडून आणलेला साधा प्लास्टिकचा कॅन. कोमट लागला, झोपेतून उठलेल्या लेकराच्या कपाळासारखा.

"कोणी तापवलं?"

"कोणीच नाही. आतल्या आत तापतंय. साखर खातंय ना ते. साध्या बियरला एवढा ताप नसतो, ह्या कडक मालात साखर लै, म्हणून तापबी लै. माणूस खोलीची थंडी बघून गाफील राहतो आन् ह्याच्या पोटात वणवा लागलेला असतो."

एवढं बोलून त्याला धाप लागली. त्याचंही पोट तेव्हा फुगलेलं होतं. यकृत गेलं होतं. दारूचा थेंब न पिणाऱ्या माणसाचं यकृत गेलं, आणि दवाखान्यात प्रत्येक डॉक्टरनं पहिला प्रश्न तोच विचारला, किती प्यायचे? अण्णा दर वेळी सांगायचा, घेत नाही. डॉक्टर दर वेळी माझ्याकडं बघून मान हलवायचे. त्या मानांचा राग माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

अण्णा, म्हणजे माझा बाप कडूबा दाभाडे, बियरच्या कारखान्यात होता. टाक्यांवर. आंबवणीच्या उंच टाक्या, त्यांच्याभोवती गार पाणी फिरवणारे पाईप, पाईपांना वॉल्व. कुठल्या टाकीला किती गारवा द्यायचा हे त्याचं काम. चव बघायचा आणि थुंकायचा. घरात भिंतीवर बाबासाहेब, दारात पंचशीलाचा झेंडा, आणि बाप बियरवाला. वस्तीत लोक हसायचे. तो म्हणायचा, कसाई काय सगळंच मटन खातो का?

मग एका उन्हाळ्यात वीज गेली. जनरेटरला डिझेल पुरेना. टाकी तापली आणि सगळा माल नासला. ठपका अण्णावर आला. चौकशीत लिहिलं गेलं की हा पिऊन पडला होता, ह्यानं वॉल्व बंद ठेवला. साक्षीदार म्हणून सही केली शिफ्टच्या सुपरवायझरनं. तो सुपरवायझर म्हणजे माझा सख्खा मामा, रंगनाथ. ह्याच मामानं अण्णाला तिथं चिकटवलं होतं, आणि त्या दिवशी डिझेल वाचवायला, "दाजी, तेवढी एक टाकी बंद करा," असं तोंडी सांगणाराही तोच होता.

अण्णानं हे मायला सांगितलं. मायनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली. तिचा बाप दारूनं मेला होता. भावानं तिला कडेवर वाढवलं होतं. आणि नवरा रोज आंबलेल्या वासाचे कपडे घेऊन घरी यायचा. ती कोणावर विश्वास ठेवणार? तिनं भावावर ठेवला. भांडली नाही, टाकून बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून अण्णा घरात आला की तिचं नाक एकदा हळूच हलायचं. वास घ्यायची ती. नोकरी जाऊन किती वर्षं झाली, तो वॉचमन झाला, आजारी पडला, तरी घ्यायची. अण्णा ते बघायचा. मीही बघायचे. मी नवऱ्याला सोडून माहेरी आले होते, गोळ्यांच्या कंपनीत पाकिटं भरत होते, आणि घरात तिघांचं मिळून एवढंच एक न बोललेलं होतं.

आजार कळल्यावर मामा भेटायला आला. मोसंबी घेऊन. माय चहा ठेवायला उठली तेव्हा अण्णानं विषय काढला. म्हणाला, रंगनाथराव, माझं काय आता राहिलं नाही. कौसाला, तुमच्या बहिणीला, एकदा खरं सांगा. बाकी कोणाला नको.

मामानं मोसंब्यांची पिशवी नीट केली. मग हसला. त्याला हसायची वाईट सवय होती. म्हणाला, "दाजी, मशीन होतं तरी टाकी हातातनं गेली तुमच्या. बिगर मशीनची घरात करून दाखवा कडक बियर. चोख निघाली ना, तर मी स्वतः सांगतो कौसाला, वॉल्व कोणी बंद करायला लावला ते."

खरं बोलायला अट घालणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. पुढं खूप बघितले. मी म्हणाले, मामा, तुम्ही माणूस हाय का कोण? अण्णानं मला गप्प केलं. त्याचे डोळे चमकायला लागले होते. त्याला ती अट अपमान वाटलीच नाही. त्याला काम मिळालं होतं.

मामानंच लॅबमधलं कोरड्या यीस्टचं पाकीट आणून दिलं, बियरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या गोळ्या दिल्या. वर म्हणाला, ह्याला बर्फासारखा गारवा लागत नाही, हिवाळ्यात घरात जमेल, जमलं तर. बाकीचं आम्ही दोघांनी केलं. जव भिजवले, मोड आणले, पत्र्यावर वाळवले, तव्यावर भाजले, जात्यावर भरडले. आंघोळीच्या पाण्याच्या तपेल्यात रस उकळला. घरात बियर करणं कायद्यानं गुन्हा आहे. असू दे. खोट्या साक्षीवर सही करणंही गुन्हा आहे, त्याला कोणी हात लावला?

माय ह्या सगळ्यात नव्हती. तपेल्याजवळनं जाताना पदर नाकाला लावायची. तिला मामाच्या अटीचं काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, मरायला टेकलेल्या माणसाचा हट्ट आहे. पण हट्टाच्या आत काहीतरी आहे एवढं तिला कळत असावं. एकदा मी पाटा धुताना तिनं विचारलं, "हे झाल्यावर रंगनाथला कामून बोलावलंय?" मी म्हणाले, चव बघायला. ती म्हणाली, "हं." आणि मग बराच वेळ एकच ताट घासत बसली.

कॅन आम्ही घमेल्यात ठेवला. घमेल्यात पाणी, कॅनभोवती ओलं गोणपाट, त्याची खालची कड पाण्यात बुडवलेली. पोतं पाणी ओढून घ्यायचं आणि वारा लागून गार राहायचं. डेअरीवाल्याकडून मागून आणलेलं दुधाचं तापमापक पोत्याखाली कॅनला चिकटवून बांधलं होतं. अठराच्या आसपास राहू द्यायचं, विसाच्या वर गेलं की पाणी बदलायचं. कॅनच्या झाकणातून एक नळी पाण्याच्या बाटलीत सोडली होती, तिच्यातून बुडबुडे यायचे. गुडूक. जरा थांबून, गुडूक. अण्णा खाटेवर पडून ते मोजल्यासारखा ऐकायचा.

"जोरात बुडबुडे म्हणजे चांगलं ना?" मी विचारलं.

"नाही. घाई झालेलं कधी चांगलं नसतं. गरम झालं की हे पिसाळतं, धावत सुटतं, आन् वाटंत घाण करतं. मग थिनरसारखा वास येतो. पिणाऱ्याचं डोकं धरतं. हळू चाललं पाहिजे. कुरकुरत."

त्याला एवढं खुश मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. तो पोत्यावर पाणी शिंपडायचा आणि बोटानं काच पुसून आकडा वाचायचा. अठरा. साडेअठरा. म्हणायचा, बघ, बिगर मशीनचं.

आणि मग त्याचं पोट इतकं फुगलं की श्वास घेता येईना. पाणी काढायला दवाखान्यात न्यावं लागलं. एक रात्र ठेवून घेतो म्हणाले. मी त्याच्याबरोबर गेले. रिक्षात बसताना त्यानं मायला हाक मारली. मायला त्या कॅनबद्दल तो पहिल्यांदाच काही सांगत होता.

"कौसा, तेवढं पोतं ओलं ठेवशील?"

मायनं मान हलवली. तो रिक्षात मला म्हणाला, ठेवील ती. शब्दाची पक्की हाय.

रात्री थंडीची लाट आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात लोक पुठ्ठे पेटवून बसले होते. अण्णा मात्र खुश. म्हणाला, बरं झालं, आज तर पाणीबी बदलायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. दारातच वास आला. पिकलेल्या केळ्याचा, आणि त्याच्या मागून भिंती रंगवतात तेव्हा येतो तो. नळी बुडबुडत नव्हती, फुसफुसत होती. बाटलीतून फेस बाहेर येऊन जमिनीवर आला होता.

घमेलं रिकामं करून भिंतीला उभं ठेवलेलं. पोतं बाहेर दोरीवर वाळत घातलेलं. आणि कॅन चुलीजवळ होता, गोधडीत गुंडाळलेला. साधी गोधडी नाही. मायच्या लग्नातल्या लुगड्याची, पेटीतली. ती गोधडी तिनं माझ्या जन्मापासून कधी वापरायला काढली नव्हती.

माय कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मी कधी विसरणार नाही. बऱ्याच वर्षांनी ती नवऱ्याकडं नाक न हलवता बघत होती.

"असल्या थंडीत ओल्या पोत्यात ठेवतात का कोणी?" ती म्हणाली. "जन्म गेला माझा आंबील घालण्यात. आंबायला ऊब लागती. तुमचं ते कारखान्याचं लोखंड वेगळं आन् हे वेगळं. सकाळी बघते तर पार मेल्यासारखं, एखादाच बुडबुडा. मग चुलीशी आणलं, गोधडी घातली. आता बघा, कसं जोमात आलंय."

अण्णा वाकला. पोटाला पट्टी होती, तरी वाकला. गोधडीच्या आत हात घातला आणि तसाच ठेवला. मी तापमापक ओढून बघितलं. पारा एकतीसवर होता. मी तोंड उघडलं.

"बरं केलंस," अण्णा म्हणाला.

"जमलं ना?"

"जमलं. लै ऊब दिलीस." त्यानं हात बाहेर काढला. "आता बास. आता काढून ठेव ती. डाग पडतील."

मायनं गोधडी काढली, फेस पुसला, घडी घातली. गुणगुणत होती. ती आत गेल्यावर मी पोतं आणायला धावले, पाणी आणायला धावले. अण्णा म्हणाला, राहू दे. व्हायचं ते होऊन गेलं. साखर संपली ह्याची.

मी म्हणाले, नवीन करू. अण्णा हसला. मोड आणायचे, वाळवायचे, थांबायचं. तेवढा वेळ कोणाजवळ होता?

मी म्हणाले, मग मामाला बोलावू नको. तो म्हणाला, "बोलावलंय आपण. कौसानं कोंबडी सांगून ठेवलीय."

संक्रांत झाल्यावर एका रविवारी मामा आला. बियर आम्ही सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरली होती, त्या मायनं स्वतः मांडल्या. दारूची बाटली हातात धरायची नाही म्हणणारी बाई, फडक्यानं पुसून मांडत होती. काचेचे पेले काढले, पाहुण्यांचे. स्वतः भिंतीला टेकून बसली, लेकीच्या परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी.

बियरचा रंग सुंदर आला होता. गुळाच्या पाकासारखा. मामानं पेला उजेडात धरला, तेव्हा क्षणभर त्याच्या तोंडावर भीती दिसली. मी ती बघितली. अण्णानंही बघितली असणार. तेवढं एक बरं झालं.

मामानं घोट घेतला. गिळला. ओठ पुसले. आणि त्याचा चेहरा सैल झाला. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मी कोर्टात, दवाखान्यात, सगळीकडं बघितलंय. इतका स्वच्छ कुठं नाही बघितला.

"गरम गेलीय, दाजी," तो म्हणाला. "घशाला लागतीय. थिनर."

अण्णानंही घोट घेतला. सवयीनं तांब्यात थुंकला. मान हलवली.

"त्या टाकीसारखीच," मामा म्हणाला.

माय भिंतीपासून पुढं झाली. "गरम गेली म्हणजे?"

मी उठले. मला सांगायचं होतं. मामाला, की ह्या माणसानं बिगर मशीनची ती अठरावर धरली होती, एक रात्र नव्हता तर... आणि तिथंच ते वाक्य मायकडं वळत होतं. अण्णानं माझ्या पायाला हात लावला. धरला नाही, नुसता लावला.

"माझंच चुकलं," तो मायला म्हणाला. "पहिल्याच दिवशी. रस पुरता गार होऊ दिला नाही मी. ऊन ऊन रसातच यीस्ट टाकलं, घाई केली. मग पुढं कोणी काय केलं असतं तरी जमलं नसतं."

खोटं. त्या दिवशी रस गार व्हायला आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो होतो. तीन वेळा त्यानं मला तापमापक धुऊन आणायला लावलं होतं.

"घाई जुनीच हाय दाजीची," मामा म्हणाला आणि कोंबडीच्या ताटाकडं बघितलं.

माय अण्णाकडं बघत होती. तिच्या तोंडावरचं ते उभं राहिलेलं काहीतरी हळूहळू खाली बसत गेलं. तिनं फार हळू विचारलं. भावासमोर विचारायचं नव्हतं तिला, पण राहवलं नाही.

"म्हणजे तेव्हाबी... तुमच्याच हातनं?"

मी अण्णाकडं बघत होते. एक शब्द. नाही म्हण. एवढ्या वर्षांत हजार वेळा म्हणालास, आता एकदा म्हण. पण नाही म्हटलं असतं, तर मग हे कसं बिघडलं, हा प्रश्न खोलीत उभाच होता. आणि त्याचं उत्तर पेटीत घडी घालून ठेवलेलं होतं.

"असंल," अण्णा म्हणाला.

मायनं पदर नीट केला आणि ताटं वाढायला उठली. त्याच्याजवळून जाताना तिचं नाक हललं.

मी त्या रविवारी जेवले नाही. अण्णावर मी इतकी चिडले की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याच्याजवळ राहिलेल्या दिवसांत ते दोन दिवस फार होते. शेवटी मीच विचारलं, कशापायी केलंस असं? तो म्हणाला, "तिनं पहिल्यांदाच हात लावला होता गं माझ्या कामाला." आणि भिंतीकडं तोंड केलं. लोकांना हे मोठेपण वाटतं. मला वाटत नाही. स्वतःची अब्रू अशी उधळायला ती एकट्याची नसते. ती माझीही होती.

होळीच्या आधी तो गेला.

त्याच्या जलदानविधीला विहारात लोक जमले. वंदना झाली. मग एकेक जण बोलायला उठला, कडूबा कसा सरळ माणूस होता. शेवटी मामा उठला. त्यानं डोळे पुसले. खरे पुसले, मी खोटं लिहिणार नाही. म्हणाला, "दाजींच्या हातनं एक चूक झाली नोकरीत. सगळ्यांना माहीत हाय. पण मन एवढं मोठं, की जायच्या आधी स्वतःच्या तोंडानं कबूल करून गेले."

मी उभी राहिले. बायकांच्या बाजूनं.

"वॉल्व कोणी बंद करायला लावला, मामा?"

मामा गडबडला. मग त्याला सापडलं. तो माझ्याकडं नाही, मायकडं बघून म्हणाला, "कौसाला विचार. तिच्या देखत बोलले. तू पण होतीस."

सगळ्यांनी मायकडं बघितलं. पांढऱ्या लुगड्यात ती एवढीशी दिसत होती. ती म्हणाली, "बोलले होते, फुला. बस खाली."

माझ्याजवळ एक वाक्य होतं. एकच. मी आयुष्यात मालकाला तोंडावर बोलले, नवऱ्याला बोलले, पोलीस चौकीत टेबलावर हात आपटून बोलले. ते वाक्य जिभेवर होतं, आणि समोर माय होती, आणि तिचे हात मांडीवर ठेवलेले होते. तेच हात, फेस पुसणारे.

मी खाली बसले.

मामा पुढं पेन्शन घेऊन, नातवंडं खेळवून मेला. त्याच्या फोटोला मी हात जोडले नाहीत. माय नंतर बरीच वर्षं माझ्याजवळ होती. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात एकदा तिनं आंबील घातली. मडकं चुलीशी ठेवलं, पेटीतून तीच गोधडी काढली आणि मडक्याला गुंडाळता गुंडाळता थांबली.

"फुला, त्यांचं ते कामून बिघडलं असंल गं? मी तर गोधडीबी घातली होती. मला वाटलं होतं, झ्याक निघावं. रंगनाथचं तोंड बंद व्हावं एकदा."

मी पीठ मळत होते. मळत राहिले.

"थंडी फार होती, माय."

मग तिनं गोधडीचं टोक नीट आत खोचलं.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "अजून एक घालायला पाहिजे होती."